घोड्याचे सोबती

लहानपणी हिंडलग्याहून बेळगावच्या कॅम्पात आम्ही टांग्याने जात असू. एके रात्री त्या टांग्याच्या घोड्याला पोटशूळ उठला. घोड्याला ओकता येत नाही. कोंडलेल्या वायूने त्याचे जठर फुटू शकते. डॉक्टरांनी नाकपुडीतून जठरापर्यंत नळी घातली आणि जनावर वाचले. पण लाथा झाडणाऱ्या त्या घोड्याचे डोके धरून, त्याच्या कानाशी हळू बोलत उभा होता तो दवाखान्यातील परिचर. पहाटेपर्यंत त्याला फिरविलेही त्यानेच.

मुंबईस परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. तेथे डॉक्टर तयार होतात. परिचर आणि नालबंद मात्र घोड्याजवळच शिकतात. टांगेवाल्याने डॉक्टरांचे पाय धरले. परिचराकडे कोणी पाहिलेही नाही. मीही नाही. ती चूक आज कबूल करतो.