पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : शस्त्रक्रियेच्या वाटा

साठी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाच्या हाती तपासणीचा अहवाल पडावा आणि त्यात कर्करोग हा शब्द असावा, म्हणजे क्षणभर घरातले बोलणेच थांबते. डॉक्टर धीर देतात : रोग अद्याप पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, बाहेर गेलेला नाही, शस्त्रक्रिया करता येईल. मग दुसरा पेच उभा राहतो. शस्त्रक्रिया कोणती? पोट उघडून, दुर्बिणीने, की यंत्रमानवाच्या साहाय्याने?

या पेचाचे मूळ ग्रंथीच्या जागेत आहे. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून ही अक्रोडाएवढी ग्रंथी बसलेली असते. तिच्या खालच्या टोकाशी लघवी रोखून धरणारा स्नायू असतो, दोन्ही बाजूंना लैंगिक उत्तेजनेचे मज्जातंतू असतात आणि पाठीमागे गुदाशय. ग्रंथी शुक्राशयांसह काढून मूत्राशय व मूत्रमार्ग पुन्हा सांधायचे, हे काम कोणत्याही वाटेने गेले तरी चुकत नाही. बदलते ती केवळ आत शिरण्याची वाट.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागातून ही शस्त्रक्रिया केली. पुढे लंडनचे टेरेन्स मिलिन यांनी १९४० नंतरच्या दशकात ओटीपोटातून, जघनास्थीच्या मागून जाण्याची वाट रूढ केली. परंतु रक्तस्राव फार होई, आणि रोगमुक्त झालेला पुरुष बहुधा पुरुषत्वास मुके. मज्जातंतू नेमके कोठून जातात, हेच नीट ठाऊक नव्हते. पॅट्रिक वॉल्श यांनी हॉलंडमधील लायडनच्या पीटर डोंकर यांच्यासह १९८१ साली त्यांचा माग काढला आणि १९८२ साली ते तंतू जाणीवपूर्वक राखून ग्रंथी काढली. या क्षेत्रातील खरी क्रांती ती. यंत्रे नंतर आली.

१९९० नंतरच्या दशकाअखेरीस पॅरिसच्या शल्यचिकित्सकांनी लहान छिद्रांतून दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र बसविले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रमानव आला. डेट्रॉइट येथे मणी मेनन यांनी त्याचा उपयोग रुळविला. हा यंत्रमानव स्वतः काहीच करीत नाही. शल्यचिकित्सक जवळच बसून त्याचे हात चालवितो. त्याला आतील दृश्य मोठे व सखोल दिसते, आणि हाताचा कंप उपकरणापर्यंत पोचत नाही.

मग यंत्रमानवच श्रेष्ठ का? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे ३२६ रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी करून तुलना झाली. २०१६ व २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्राच्या गटात रक्तस्राव कमी झाला, रुग्ण लवकर घरी गेले. पण लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता यांत दोन वर्षांनंतरही लक्षणीय अंतर पडले नाही. प्रत्येक गटाच्या शस्त्रक्रिया एकाच शल्यचिकित्सकाने केल्या होत्या. म्हणून ती कसोटी जितकी उपकरणांची, तितकीच हातांचीही होती. यंत्राचा खर्च मात्र बहुधा अधिक येतो.

याहून मोठा प्रश्न शस्त्रक्रिया हवीच का, हा आहे. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांपैकी काहींवर केवळ देखरेख ठेवली, काहींना शस्त्रक्रिया व काहींना किरणोपचार दिले. पंधरा वर्षांनंतरचा हिशोब २०२३ साली मांडला गेला, तेव्हा तिन्ही गटांत या रोगाने दगावलेले शेकडा तीनच्या आसपास होते. देखरेखीच्या गटात रोग शरीरात पसरण्याचे प्रमाण शेकडा नऊ, तर शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा पाच होते. या रुग्णांत सौम्य व मध्यम रोगाचेच अधिक होते. उग्र रोगाला हा आधार पुरेसा नाही.

तेव्हा रुग्णाने, आणि त्याच्या पत्नीनेही, डॉक्टरांना मोकळेपणे विचारावे : हा रोग सौम्य की उग्र? थांबून पाहता येईल काय? मज्जातंतू राखता येतील काय? आपल्या हातून अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, आणि वर्षभरानंतर त्यांपैकी किती जणांचे कपडे कोरडे राहतात? संकोचामुळे हा शेवटचा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही, आणि पुढची वर्षे मात्र त्याच्याच उत्तराबरोबर काढावी लागतात. ग्रंथीतच राहिलेला हा रोग सहसा काही आठवडे विचाराला देतो. तेवढ्या अवधीत दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.