सर्दी-ताप आणि हृदयविकार
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



डॉक्टरीच्या व्यवसायात मला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो, आणि तो विचारणारी बहुधा घरातली बाईच असते. “बाई, यांना आठवडाभर फ्लूचा ताप होता, आणि एकदम हृदयाचा झटका आला. तो तापानेच का हो?” याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही.

चूल पेटायला सरपण लागते आणि काडीही लागते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत चरबीचा थर साचतो, ते सरपण. ते रचायला वर्षानुवर्षे लागतात. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि काही अंशी आनुवंशिकता ही त्याची कारणे. जंतूही हे सरपण रचतात की काय, अशी शंका १९८८ साली बळावली. हृदयविकाराच्या रोग्यांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिई या जंतूच्या संसर्गाच्या खुणा अधिक असल्याचे फिनलंडच्या डॉक्टरांना आढळले. हा जंतू फुप्फुसाचा दाह करतो. पुढे तो धमन्यांतल्या थरातही सापडला. मग वाटले, जंतू मारले की काम झाले!

तसे करूनही पाहिले. अमेरिकेत सुमारे चार हजार हृदयरोग्यांपैकी निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला अॅझिथ्रोमायसिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांत फरक नाही. चोरीच्या जागी एखादा सापडला म्हणजे चोरी त्यानेच केली असे ठरत नाही. हिरड्यांच्या विकाराचेही तसेच. तो आणि हृदयविकार एकाच माणसात पुष्कळदा आढळतात. पण तंबाखू दोन्हींना कारण होते. दात जरूर सांभाळावेत, मात्र तेवढ्याने हृदय सांभाळले असे मानू नये.

आता काडीची गोष्ट. इथे पुरावा भक्कम आहे. ब्रिटनमधील नोंदींवरून २००४ साली दिसले की, श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत झटक्याचा धोका सुमारे पाचपट होतो. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात, तपासणीने फ्लू निश्चित झालेल्या रोग्यांत पहिल्या सात दिवसांत तो सहापट आढळला. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. तापात हृदयाचे ठोके वाढतात, त्याला प्राणवायू अधिक लागतो. दाहामुळे रक्त लवकर गोठते आणि चरबीचा थर फुटू शकतो. निरोगी तरुण माणसाला मुळात धोका फार थोडा, म्हणून त्याने घाबरू नये. ज्याच्या घरी सरपण रचलेले आहे, त्याने काडीला जपावे.

मग करायचे काय? हृदयरोग्याने आणि मधुमेह्याने दरवर्षी फ्लूची लस डॉक्टरांना विचारून टोचून घ्यावी. झटक्यानंतर लगेच ही लस देऊन पाहिली, तेव्हा लस न मिळालेल्यांपैकी वर्षभरात शंभरात सुमारे पाच दगावले, मिळालेल्यांपैकी सुमारे तीन. हा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. तापात तोंडाला चव नाही म्हणून हृदयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ‘हृदयाला बरे’ म्हणून दुकानातून अँटिबायोटिक आणू नये. मुलांना घसादुखीनंतर येणारा सांध्यांचा ताप मात्र निराळा. तो हृदयाच्या झडपा बिघडवतो, आणि त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेनिसिलीन लागतेच.

शेवटचे सांगणे खास आपल्यासाठी. यजमानांच्या छातीत दुखले तर आपण धावत टॅक्सी बोलावतो. स्वतःच्या दुखले तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून आलेपाक तोंडात टाकतो, आणि अंगात ताप असताना कणीक मळायला बसतो. बाईच्या झटक्यात छातीत दुखतेच, पण कधी नुसता दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळते, घाम सुटतो. तापात किंवा तापानंतरच्या दिवसांत असे झाले, तर स्वयंपाक तसाच टाकून तडक इस्पितळ गाठावे. भात करपला तर पुन्हा टाकता येतो.