पावरची गोळी आणि आपली अमानत

(अर्धापूर येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर बसलेल्यांपैकी बरेच जण बी.यू.एम.एस., डी. फार्म. किंवा नर्सिंग शिकताहेत. उद्या अर्धापूर, नांदेड, लातूरच्या दवाखान्यांत आणि मेडिकलच्या काउंटरवर तुम्हीच असणार. म्हणून आज तुमच्याशी अँटिबायोटिकबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे ताप आला की वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टरसाब, पावर की गोली दो." सर्दी, पडसं, साधा खोकला, बहुतेक वेळा घसादुखीसुद्धा विषाणूमुळे होते. अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना, विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. सर्दी चार-सहा दिवसांत आपली आपण बरी होते, श्रेय मात्र गोळीला मिळतं. शरीरातले गोळीला पुरून उरणारे जिवाणू वाढतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

याची किंमत मोठी आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. टायफॉइडवर एकेकाळी हमखास चालणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आज भारतात बहुतेक ठिकाणी भरवशाचं राहिलेलं नाही. खोकल्यासाठी उगाच लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, तर क्षयरोग काही दिवस दबतो, निदान लांबतं, आणि तोवर घरातल्यांना लागण होत राहते.

मग डॉक्टरांना हे कळत नाही का? कळतं. पण बाहेर रांग असते, तपासणीची सोय जवळ नसते, आणि गोळी दिली नाही तर पेशंट शेजारच्या दवाखान्यात जाईल ही धास्ती असते. त्यामुळे नुसतं व्याख्यान देऊन सवय बदलत नाही. शिक्षण असं हवं की समोर रुग्ण बसलेला असताना ते हाताशी येईल.

असं शिक्षण महाराष्ट्रात झालेलं आहे. १९८८च्या सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्या दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं. मिनिटभर श्वास मोजायचे, मणी सरकवायचे. श्वास जलद असेल तर अँटिबायोटिक, नुसता खोकला असेल तर नाही. त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले. हा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

यातला धडा नीट लक्षात घ्या. औषध कमी करणं एवढाच हेतू नाही. ज्या बाळाला गरज आहे त्याला ते वेळेवर मिळालंच पाहिजे. तोच नियम आजही शिकवतात: २ महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, २ ते १२ महिन्यांत ५०, १ ते ५ वर्षांत ४०, म्हणजे श्वास जलद. एक घड्याळ आणि एक मिनिट, याला खर्च काय?

दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसचं. तिथल्या काही दवाखान्यांत डॉक्टरांनी "मी गरज नसताना अँटिबायोटिक देणार नाही" असं पत्र स्वतःच्या फोटो-सहीसह इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये तपासणीच्या खोलीत लावलं. १२ आठवड्यांत अनावश्यक चिठ्ठ्यांचं प्रमाण, पत्र न लावलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत, शंभरामागे जवळपास २०नं घटलं. भिंतीवरचं पत्र रुग्णाशी डॉक्टरच्या आधी बोलत होतं. आपल्याकडे ते मराठी आणि उर्दूत का लागू नये? मजकूर लिहायला दोन्ही भाषा येणारी मुलं याच सभेत आहेत.

मेडिकलवाल्यांची जबाबदारीही कमी नाही. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या अनुसूची एच-१ मध्ये सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन अशी औषधं आहेत. ती देताना डॉक्टर आणि रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा, असं सांगितलं. ही सवय शिकत असतानाच लावून घ्या. कारण लिहिता येत नसेल, तर ते औषध लिहायचं कशाला?

गोळी न देणं म्हणजे रुग्णाला रिकाम्या हातानं पाठवणं नव्हे. ताप कशाचा आहे, किती दिवस राहील, पाणी किती प्यायचं, ताप कशानं उतरवायचा हे सांगा. आणि धाप लागली, लघवी कमी झाली, बाळ दूध पिईना झालं, ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर लगेच परत या, हे बजावून सांगा. दोन मिनिटं बोललात तर आपली अम्मी, खाला, चाची गोळीचा हट्ट सोडतात. त्यांना गोळीपेक्षा आपल्याकडे कुणी नीट पाहिलं याची गरज जास्त असते.

दोस्तांनो, आपण अमानत हा शब्द लहानपणापासून ऐकतो. अँटिबायोटिक ही अशीच अमानत आहे. ते माझ्या सर्दीवर उधळलं, तर शेजारच्या बाळाच्या न्यूमोनियाच्या वेळी ते कामाला येणार नाही. चिठ्ठी लिहिताना आणि काउंटरवर पट्टी कापताना त्या बाळाची आठवण ठेवा.