भूमीपुढे नम्र झालेला स्थपती
(अयोध्या नगर, भोपाळ येथील व्याख्यान)



देवळात येणारा भाविक एकदम गाभाऱ्यात पोहोचत नाही. तळी, दीपस्तंभ, प्रांगण, सभामंडप असे टप्पे ओलांडताना त्याचे चित्त स्थिर होत जाते. चालण्यातून मन घडविणारी हीच दृष्टी आधुनिक वास्तूंत आणणारे स्थपती म्हणजे कै. चार्ल्स कोरिया.

मूळ गोमंतकीय घराण्यातील कोरियांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला. मुंबईत व पुढे अमेरिकेत शिक्षण घेऊन त्यांनी १९५८ साली मुंबईत स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय ही त्यांची आरंभीची कृती. आपल्या उष्ण देशात बंद दालनांपेक्षा अंगण-ओसरीच माणसाला अधिक सुखावते, हा त्यांचा सिद्धान्त तेथेच प्रकट झाला.

त्याचा परिपाक या भोपाळनगरीतच पाहावयास मिळतो. १९८२ साली उघडलेले भारत भवन मोठ्या तलावाच्या काठी, उतारावर वसले आहे. अशी जागा लाभली असता दुसऱ्या कोणी उत्तुंग प्रासाद उभारला असता. कोरियांनी इमारत जमिनीतच उतरविली. माथ्यावरून प्रवेश करून, गच्च्या व खोलगट चौक ओलांडीत पाहुणा तलावाच्या दिशेने खाली येतो. इमारत दृष्टीआड राहते, तलाव तेवढा डोळ्यांत भरतो. अरेरा टेकडीवरील विधान भवनातही नऊ भागांच्या वर्तुळाकार रचनेत चौकांना मानाचे स्थान आहे. १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूस १९९८ साली आगाखान पुरस्कार लाभला. कोरियांना २००६ साली पद्मविभूषण देण्यात आले. १६ जून २०१५ रोजी ते निवर्तले.

मात्र एक गोष्ट मनास लावून घेण्यासारखी आहे. पणजीत मांडवीकाठी त्यांनी उभारलेल्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरील छप्पर जुलै २०२३ मध्ये, नूतनीकरणाचे काम चालू असतानाच, कोसळले. स्थपती कितीही थोर असला, तरी त्याच्या पश्चात वास्तूचे आयुष्य राखणाऱ्यांच्या हाती असते.

हे महाजनांना वेगळे सांगावयास नको. देवालय बांधणारे हात एका पिढीचे. दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळणारे, तळीतला गाळ उपसणारे हात मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे. नवे बांधण्याच्या उत्साहात जुने अंगण बुजणार नाही, एवढी दक्षता घेतली, तरी या स्थपतीचे स्मरण सार्थ होईल.