ईमेलची राखीव प्रत : कोठे, किती आणि कशासाठी
(भाषणाचा मजकूर)

मंत्रालयास २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्या. जळालेला कागद पुन्हा उभा करावयाचा तर त्याची दुसरी प्रत अन्यत्र असावी लागते. कंपन्यांचा पत्रव्यवहार कागदावरून संगणकावर गेला, तरी ही अट सुटलेली नाही.

उदाहरणादाखल हैदराबादेतील बरकतपुरा घ्यावा. वस्ती मुशी नदीच्या उत्तरेस. भविष्य निर्वाह निधीचे प्रादेशिक कार्यालय येथलेच. मुशीने २८ सप्टेंबर १९०८ रोजी शहराची जी दाणादाण केली ती हैदराबादकर अद्याप विसरलेले नाहीत, आणि ऑक्टोबर २०२० च्या पावसानेही शहरातील कित्येक वस्त्यांत पाणी घातले. अशा ठिकाणी १२० नोकरांची एखादी कंपनी आपला ईमेल सर्व्हर तळमजल्यावर ठेवून चालविते असे समजावे. माणशी ५ गिगाबाइट धरले तर एकूण साठा ६०० गिगाबाइट होतो.

येथे पहिला गैरसमज आढळतो तो जोडडिस्कचा. एका डिस्कवर लिहिलेले तत्क्षणी दुसऱ्या डिस्कवरही उमटते, म्हणून पत्रे सुरक्षित आहेत असे व्यवस्थापकास वाटते. एक डिस्क बिघडली तर ही सोय खरोखरच उपयोगी पडते. परंतु कोणी चुकून पत्रे पुसली, तर तीही दोन्हीकडून तत्क्षणीच पुसली जातात. गूगलच्या जीमेल सेवेत फेब्रुवारी २०११ मध्ये असेच घडले. साठवणीच्या प्रणालीतील दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे दिसेनाशी झाली. निरनिराळ्या केंद्रांतील प्रतींनाही त्या दोषाची बाधा झाली होती. अखेर पत्रे परत मिळाली ती जाळ्यापासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून. जुन्या धाटणीची म्हणून हेटाळली जाणारी फीत अशी कामास आली!

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा प्रचलित नियम योग्यच आहे. त्यात एवढीच भर घालावी की, एक प्रत जाळ्यास जोडलेलीच नसावी. दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर नोव्हेंबर २०२२ मध्ये खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला आणि कित्येक दिवस कामकाज हाताने करावे लागले. अशी प्रणाली जोडलेल्या राखीव प्रतींनाही कुलूप घालू शकते.

दुसरे गाव म्हणजे काचीगुडा किंवा हिमायतनगर नव्हे. एकच पूर दोन्ही ठिकाणी पोहोचेल. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने आपली राष्ट्रीय डेटा केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे ठेवली आहेत, हे अंतर येथे लक्षात घ्यावे. दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी केंद्रास २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली, तेव्हा सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइट साठा नष्ट झाला. साठा फार मोठा, या सबबीवर त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

तथापि, दूरची प्रत परत आणावयास वेळ लागतो, आणि हा हिशेब बहुधा कोणी आधी करीत नाही. सेकंदास ५० मेगाबिट वेगाच्या तारेवरून ६०० गिगाबाइट उतरवून घेण्यास सुमारे २७ तास लागतात. तोच साठा कचेरीतील डिस्कवरून, सेकंदास १०० मेगाबाइट वेगाने, पावणेदोन तासांत परत येतो. किरकोळ अपघातासाठी जवळची प्रत आणि मोठ्या आपत्तीसाठी दूरची, अशी वाटणी यातून आपोआप ठरते. रविवारी रात्री संपूर्ण प्रत आणि इतर दिवशी केवळ नव्या मजकुराची प्रत घेतली म्हणजे रोजचा भारही हलका राहतो. मात्र सर्व्हर चालू असताना फायली नुसत्या उचलून घेतल्यास प्रत अर्धवट निघण्याचा धोका असतो. त्यासाठी सर्व्हरप्रणालीचेच साधन वापरावे.

सर्व्हर दिवसभर बंद राहिला म्हणजे येणारी पत्रे बुडाली, ही भीती अनाठायी आहे. पाठविणारे सर्व्हर साधारणतः चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहतात. तेव्हा पैसा थोडा असेल तर दुसरे तयार यंत्र विकत घेण्याऐवजी तो बाहेरगावच्या प्रतीवर खर्चावा, हे अधिक शहाणपणाचे. हिशेबाच्या वह्या संगणकावर असतील तर त्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज घेणे २०२२ च्या दुरुस्तीपासून कंपन्यांस बंधनकारक आहे. ईमेलचा सारा साठा म्हणजे हिशेबाची वही नव्हे. पण बिले ईमेलनेच येत असतील तर दोहोंची सोय एकत्र करणे इष्ट.

पुसलेले पत्र हरवल्याचे कित्येकदा महिन्यांनी ध्यानात येते. यासाठी रोजच्या प्रती पंधरा दिवस, आठवड्याच्या दोन महिने आणि महिन्याच्या वर्षभर ठेवाव्यात. पत्रांबरोबर सर्व्हरची मांडणी, वापरकर्त्यांची यादी आणि प्रतीस लावलेल्या सांकेतिक कुलपाची किल्लीही जपावी. ती किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवणारे महाभाग आहेत. दर तिमाहीस एका कोऱ्या यंत्रावर साठा उतरवून एखादे जुने पत्र उघडून पाहावे, किती तास लागले ते नोंदवावे, आणि हे काम नेहमीच्या तंत्रज्ञाच्या गैरहजेरीत दुसऱ्या कोणाकडून करवून घ्यावे.