काळ्या मातीतला ठसा



न्यायसहायक प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञ, अंगुलीमुद्रा तज्ज्ञ, पोलीस अधिकारी आणि वकील अशा आपणा सर्वांचे अहिल्यानगर जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने मी मनःपूर्वक स्वागत करतो.

जमिनीखालच्या वस्तूंचे मोल हा जिल्हा जाणतो. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली झाडाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी धातूची चार शिल्पे निघाली. आज आपण मातीतून त्याहून नाजूक गोष्ट शोधणार आहोत, माणसाच्या बोटाचा ठसा.

गुन्ह्यानंतर कोयता उसाच्या फडात पुरतात, गावठी कट्टा पिशवीत गुंडाळून बांधाखाली गाडतात. आरोपी जागा दाखवतो, पंचांसमक्ष मुद्देमाल निघतो. पुढे खटल्यात पंच फितूर झाले, तर त्या जप्तीवरच प्रश्न उभा राहतो. अशा वेळी वस्तूवरचा ठसा मोलाचा ठरतो.

पण माती तो सहजासहजी हाती लागू देत नाही. ओलाव्याने घामातले क्षार आणि अमिनो आम्ले विरघळून जातात, तेलकट अंश मागे राहतो. म्हणून भिजलेल्या कागदावर अमिनो आम्ले शोधणारे निनहायड्रिन निरुपयोगी ठरते, तिथे ऑइल रेड ओ किंवा फिजिकल डेव्हलपर लागते. ओल्या काचेवर, प्लास्टिकवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे निलंबन कामी येते. पितळी काडतुसावर घामातल्या क्लोराइडने धातूच गंजतो आणि वरचा ठसा पुसला तरी गंजाच्या रेषा उरू शकतात, हे इंग्लंडच्या जॉन बाँड यांनी २००८ साली दाखवले.

आपली काळी माती चुनखडीची, पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. अकोल्याच्या डोंगरउतारावरची तांबडी माती निराळी, पारनेरची मुरमाड जमीन निराळी. कोणत्या मातीत ठसा किती काळ तग धरतो, हे इथेच वस्तू पुरून, इथेच उकरून तपासायला हवे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्यातच आहे. तिथल्या मृदाशास्त्रज्ञांनी आणि आपण मिळून हे काम हाती घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती. ठशांचे शास्त्र आपल्याला परके नाही; जगातले पहिले अंगुलीमुद्रा केंद्र १८९७ साली कोलकात्यात उभे राहिले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे ठशांच्या वर्गीकरणाला आकार दिला. हा वारसा पुढे नेण्याची जबाबदारी आपली आहे.

दुसरी विनंती तपास अधिकाऱ्यांना. चिखल लागलेली वस्तू खड्ड्यापाशीच पुसली, तर प्रयोगशाळेच्या हाती काही लागत नाही. आधी छायाचित्र घ्यावे, वस्तू कडेने धरावी, भोवतालच्या मातीचा नमुना सोबत पाठवावा. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहेच. तिचा लाभ तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

दोषीला शिक्षा व्हावी आणि निरपराधाची सुटका व्हावी, या दोन्हींसाठी हे शास्त्र आहे. इथल्या चर्चेतून मातीच्या अभ्यासाचा ठोस आराखडा तयार व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त करतो.