चोरपाऊल आणि दबा



मराठी कानाला सारखेच वाटणारे 'स्टॉक' या उच्चाराचे तीन शब्द इंग्रजींत आहेत. दुकानांतील मालाचा स्टॉक सर्वांच्याच परिचयाचा आहे. दुसऱ्याचा अर्थ रोपाचा देंठ अथवा दांडा. तिसरें क्रियापद, सावजाला चाहूल लागूं न देतां त्याच्याजवळ सरकणें, हा त्याचा अर्थ. जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत दुसऱ्या व तिसऱ्या शब्दांची गांठ पडते, कारण तेथें बिबट्या उंसाच्या दांड्यांआडूनच सावजाकडे सरकतो. तथापि या दोन शब्दांचें कूळ एक नाहीं.

हें क्रियापद प्राचीन इंग्रजींतील 'बेस्टेआल्किअन' या शब्दापर्यंत मागें जातें. चोरी करणें या अर्थाचें 'स्टील' हें क्रियापद त्याचें सगोत्र होय. 'टेल' म्हणजे सांगणें, यापासून 'टॉक' म्हणजे बोलणें झालें, त्याच रीतीचें हें रूप आहे. आरंभीं त्याचा अर्थ केवळ गुपचूप चालणें एवढाच होता. पुढें त्यांत शिकारीचा हेतु शिरला. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस माणसानें माणसाचा छळवादी पाठलाग करणें, हाहि अर्थ रूढ झाला. स्त्रीचा तिच्या इच्छेविरुद्ध असा पाठलाग करणें हा भारतीय दंडविधानांत २०१३ सालीं स्वतंत्र अपराध ठरला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तो ७८ व्या कलमाखालीं येतो.

मराठीनेंहि ही चाल चोराकडूनच घेतली आहे. चोरपाऊल, चोरवाट, किल्ल्याचा चोरदरवाजा हे शब्द त्याचीच साक्ष देतात. परंतु इंग्रजी जेथें एका क्रियापदावर भागवितें, तेथें मराठींत वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. जनावर माग काढतें, टपून बसतें, दबा धरतें आणि शेवटीं झडप घालतें. चोरपावलांनीं जाणाऱ्याला केवळ दृष्टीआड राहावयाचें असेल. दबा धरणाऱ्याच्या मनांत मात्र झडप आधींच ठरलेली असते.

हा भेद या दोन तालुक्यांत कोशापुरता राहत नाहीं. कुकडी प्रकल्पाचीं माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे हीं धरणें झालीं, कालव्यांचें पाणी खेळलें व उंसाची लागवड वाढली. कित्येक महिने उभ्या राहणाऱ्या दाट उंसांत बिबट्याला आडोसा मिळाला. वस्तीलगतचीं कुत्रीं, शेळ्या व डुकरें हें त्याचें खाद्य झालें. माद्या उंसांतच वितात, आणि तोडणीच्या वेळीं पिल्लें उघड्यावर येतात. असा बिबट्या बहुतेक रात्रीं माणसाची चाहूल घेत, त्याला चुकवीत बांधावरून निघून जातो. तें चोरपाऊल होय, दबा नव्हे.

दोहोंची गल्लत झाली म्हणजे दिसला बिबट्या कीं लावा पिंजरा, अशी मागणी होते. जुन्नर वनविभागांत पकडलेले बिबटे दूर रानांत नेऊन सोडण्याचा उपक्रम २००१ सालीं सुरू झाला. माणसावर हल्ला न केलेले बिबटेहि त्यांत होते. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांचा या विषयावरील अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते या उपक्रमानंतर १७ वर गेले, असें त्यांना आढळलें. आणि या वाढीचा संबंध त्यांनीं त्या स्थलांतराशींच जोडला.

म्हणून भय नसावें, असें मात्र नाहीं. ज्या घरांतील मूल गेलें, त्या घराला शब्दांचा भेद सांगून सांत्वन होत नाहीं. बिबट्या खरोखर दबा धरतो तेव्हां पोट जमिनीला टेकवून, नख्या आंत ओढून, अगदीं थोड्या अंतरापर्यंत नि:शब्द येतो. खुरपणीला वांकलेलें माणूस किंवा लहान मूल त्याला ठेंगण्या सावजासारखें भासण्याचा संभव असतो. यास्तव उंसालगत एकट्यानें वांकून काम करूं नये. चौघांनीं मिळून, बोलत राहून करावें. काळोखांत बत्ती व काठी हातीं असावी. अंधार पडल्यावर मुलांना अंगणांत एकटें सोडूं नये, आणि गोठा भक्कम बंद करावा. तोडणींत पिल्लें आढळलीं तर त्यांना हात न लावतां मागें सरावें व वनखात्यास कळवावें. मादी जवळपासच असण्याचा संभव असतो.

बिबट्या दिसल्याची वार्ता देतांनाहि तो जात होता, टपला होता कीं अंगावर आला, हें नेमकें सांगावें. पिंजरा लावावयाचा कीं नुसता पहारा ठेवावयाचा, हें त्या एका शब्दावरून ठरूं शकतें.